घाटात सीव्हीटी का ओरडते?

धुळ्याहून जळगावला जाताना सीव्हीटी गाडी अलगद पळते. रस्ता बहुतेक सपाटच. तीच गाडी चाळीसगावहून कन्नडचा औट्रम घाट चढायला लागली की इंजिन एकाच सुरात ओरडत राहतं आणि वेग मात्र सावकाश वाढतो. नव्या मालकाला वाटतं, क्लच घसरतोय. तसं नसतं.

या गाडीत ठरावीक गिअर नसतात. शंकूसारख्या बाजूंच्या दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा असतो. पुलीच्या दोन बाजू जवळ आल्या किंवा लांब गेल्या की पट्टा वर-खाली सरकतो आणि गिअरचं प्रमाण अखंड बदलत राहतं. चढावर ताकद लागली की यंत्रणा इंजिनाला आधी जास्त फेऱ्यांवर नेते, तिथेच धरून ठेवते. वेग मागाहून येतो. चढत्या-उतरत्या आवाजाची सवय झालेल्या कानाला हे खटकतं. मलाही खटकतं. गंमत म्हणजे हीच युक्ती दारातल्या ॲक्टिवात रबरी पट्ट्यावर चालते, तिथे कुणाची तक्रार नसते! मोटारीत ती डच डाफ कंपनीने १९५८ मध्ये आणली.

उतारावर मात्र लक्ष हवं. 'डी'वर ठेवून नुसता ब्रेक दाबत राहिलं तर ब्रेक तापतात. गाडीत 'एल' किंवा 'एस' असेल तर तो निवडावा, इंजिनच गाडीला आवरतं. आणि तेल सीव्हीटीचंच, कंपनीने सांगितलेलं घालावं. भलतं घातलं तर पट्टा पुलीवर खरोखरच घसरू शकतो.