पगार वाढला, तरी कामात मन का लागत नाही?

पगारवाढ झाली की ऑफिसात पेढे येतात. दोन-तीन महिन्यांत नवा आकडा अंगवळणी पडतो आणि चहाच्या टपरीवर साहेबांबद्दलची कुरकुर पुन्हा सुरू होते. असं का होतं, याचं एक गाजलेलं उत्तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली दिलं.

त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं, की कामावर फार छान कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं? वाईट प्रसंगांत बहुतेक कंपनीचे नियम आणि वरिष्ठांची वागणूक निघाली. चांगल्या प्रसंगांत काम फत्ते झाल्याचा आनंद, कौतुक, जबाबदारी, बढती. पगाराचा उल्लेख दोन्हीकडे आला, पण हर्झबर्ग यांनी त्याला पहिल्या गटातच बसवलं.

या पहिल्या गटाला ते 'हायजीन' म्हणतात. गटार साफ ठेवलं तर रोगराई टळते, पण त्याने अंगात ताकद येत नाही, तसंच काहीसं. पगार, एसी, नोकरीची हमी नसेल तर माणूस नाराज होतो. ते सगळं मिळालं तर नाराजी जाते, एवढंच. उत्साह येतो तो कामातून.

पण काम बदलायचं म्हणजे काय करायचं? हर्झबर्ग यांनी १९६८ च्या लेखात एका मोठ्या कंपनीचं उदाहरण दिलं आहे. तिथे भागधारकांच्या पत्रांना उत्तरं लिहिणारे कर्मचारी होते. प्रत्येक पत्र वरिष्ठ तपासायचे, सहीही त्यांचीच. प्रयोगात कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने सही करायला दिली आणि तपासणी अनुभवी लोकांच्या बाबतीत १०० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली. सुरुवातीला कामगिरी घसरली. (बहुतेक मॅनेजर इथेच घाबरून जुनी पद्धत परत आणतात.) सहा महिन्यांनी मात्र हा गट इतरांच्या पुढे होता.

त्या मॅनेजरांची भीती कुठून येते, हे डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये मांडलं. 'एक्स' प्रकारच्या मॅनेजरला वाटतं, माणूस मुळातच कामचुकार. 'वाय' प्रकारच्याला वाटतं, संधी मिळाली तर माणूस जबाबदारी घेतो. एक्सवाला सतत पाळत ठेवतो, मग लोक सांगितलं तेवढंच करतात, आणि तो म्हणतो, "बघा, मी सांगत नव्हतो?"

हर्झबर्ग यांच्यावर टीकाही झाली. यशाचं श्रेय स्वतःकडे आणि अपयशाचं खापर कंपनीवर, हा माणसाचा स्वभावच, त्यामुळे अशा मुलाखतींत दोन गट आपोआप पडणार, असा व्हिक्टर व्रूम यांचा आक्षेप होता. तो रास्त आहे. शिवाय ते २०० जण बऱ्यापैकी कमावणारे होते. महिनाअखेर उसनवारी करणाऱ्याला आधी पगारच लागतो, सहीचा अधिकार नंतर.