सीलबंद इंजिन, शिवशिवणारे हात

शिवाजी उद्यमनगरात माझा लेथचा छोटा कारखाना आहे. ऑइल इंजिनं बनवत वाढलेलं हे कोल्हापूर, त्यामुळं इंजिन दिसलं की ते खोलून बघितल्याशिवाय आमच्या लोकांना चैन पडत नाही. स्वतःची गो-कार्ट घेतोय म्हटल्यावर शेजारचा फौंड्रीवाला म्हणाला, ‘घेताय कशाला? चार पायपा वाकवा, मोटारसायकलचं इंजिन टाका, झालं की!’

तशी कार्ट होते. अभियांत्रिकीची पोरं अशाच बांधतात. जगातली पहिली कार्टही तशीच झाली: 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसच्या मोटारी बांधणाऱ्या माणसानं नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं. पण आज ज्याला दुसऱ्यांशी बरोबरीनं शर्यत लावायची आहे, त्यानं हा मोह सोडावा. कारण हौशी कार्टिंगमधल्या बऱ्याच गटांत इंजिन सगळ्यांना सारखंच ठरवून दिलेलं असतं. आपल्याकडं अनेक वर्षं चालत आलेलं नाव म्हणजे ऑस्ट्रियाचं रोटॅक्स मॅक्स. 125 सीसी, टू-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं. मोठ्यांच्या गटात साधारण 30 अश्वशक्तीचं. आणि ते सीलबंद! अधिकृत केंद्राशिवाय कुणी उघडायचं नाही. सील तुटलं की त्या इंजिनावर शर्यत नाही.

उद्यमनगरातल्या माणसाला ही शिक्षाच. पण पैशावाल्यानं इंजिनात पैसा ओतून पुढं जाऊ नये म्हणून हा नियम आहे, आणि मला तो पटतो. हात चालवायला बाकीची गाडी उरतेच की.

त्या बाकीच्या गाडीत गंमत आहे. कार्टला सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट, म्हणजे वळणात आतलं आणि बाहेरचं चाक एकाच वेगानं फिरणार. आतल्याला अंतर कमी कापायचं असतं, मग ते घासत राहतं आणि गाडी अडखळते. उपाय एकच, ते चाक जमिनीवरून जरासं उचललं गेलं पाहिजे. स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या खुंट्यांच्या कलामुळं आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, सांगाडा पिळवटतो आणि मागचं आतलं चाक उचललं जातं. म्हणजे चॅसिसच्या नळ्याच इथं स्प्रिंगचं काम करतात. म्हणूनच घरी वेल्डिंग मारून ‘मजबूत’ केलेली कार्ट वळणात दगडासारखी वागते. सीटही नुसती बसायला नसते. ती सांगाड्याला बोल्टनं आवळलेली असते आणि चालवणारा हाच गाडीतला सर्वांत जड भाग, त्यामुळं सीट थोडी पुढं-मागं झाली तरी गाडीचा स्वभाव बदलतो.

दुसरा खेळ कार्ब्युरेटरचा. सकाळच्या गार, दाट हवेत मोठा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) लागतो, दुपारी ऊन चढलं की लहान. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, बेंगळुरू नऊशेच्या वर; इथं जुळवलेला जेट तिथं जसाच्या तसा चालेल असं नाही. फार लहान जेट लावून हावरटपणा केला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला धरतो. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला 20 मिली. ते अंदाजानं ओतू नका, मापानं मोजा.

घ्यायची झाली तर पहिली कार्ट जुनीच घ्या. नवी घेतली तर आयातीच्या चॅसिस-इंजिनाचा आकडा लाखांत जातो आणि पहिल्याच महिन्यात ती कठड्याला लागते. जुनी बघताना रंगाकडं बघू नका, गाडी उलटी करा. खालच्या नळ्या ट्रॅकला घासून चपट्या झाल्यात का, वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर आहे का, हे तपासा. मागचा आस हातानं फिरवा. वाकडा असेल तर डोळ्याला कळतो. इंजिनाची कागदपत्रं मागा आणि सीलचा नंबर ताडून बघा. कागद ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

खरा खर्च पुढं सुरू होतो: टायर, चेन, स्प्रॉकेट, क्लच, ट्रॅकचं भाडं, ठराविक तासांनंतर इंजिनाचं ओव्हरहॉल. एकट्या टायरचा हिशोब मांडलात तरी आमची मंडळी जेवणाच्या टेबलावर गप्प का बसत नाहीत ते कळेल.

अंगावरच्या सामानात काटकसर नको. कार्टला पट्टा नसतो, कारण वर पिंजरा नाही. गाडी उलटली तर माणूस तिच्यातून सुटून बाहेर पडलेला बरा. म्हणून हेल्मेट, घासलं तरी न फाटणारा सूट, हातमोजे, बूट हे सगळं लागतंच. नवखे विसरतात ते बरगड्यांचं कवच. सीटच्या कडेवर बरगड्या आपटून आठवडाभर हसताही येत नाही, असे लोक पॅडॉकमध्ये कायम दिसतात.

शर्यतीत उतरायला एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स लागतं. पण ते नंतरचं. आधी भाड्याच्या फोर-स्ट्रोक कार्टवर ब्रेक कुठं दाबायचा आणि वळणाचा कोपरा कुठं गाठायचा ते शिका. मग कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंगच्या ट्रॅकसारख्या ठिकाणी, जिथं राष्ट्रीय फेऱ्याही झाल्या आहेत, सरावाच्या दिवशी जा आणि एखाद्या कार्टवाल्याला विचारा, ‘पाना धरू का?’ नाही कुणी म्हणत नाही. टायरमधली हवा मोजणं, चेनचा ताण बघणं, प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखणं हे सगळं तिथं फुकट शिकायला मिळतं.

आणि महिन्याचे निदान दोन रविवार देता येणार नसतील, तर स्वतःची कार्ट घेऊच नका, भाड्याचीच चालवा. टाकीत जुनं पेट्रोल ठेवून शेडमध्ये उभ्या राहिलेल्या कार्ट विकायला काढणारे मला चिकार भेटतात.