औषध आणि आतड्यातील जीवाणू

हृदयविकारावरील डिगॉक्सिनची तीच गोळी एका रुग्णास लागू पडते, दुसऱ्यास नाही. येथे नशिबाला बोल लावू नये. तथागतांच्या शिकवणीप्रमाणे कारण शोधावे, तर ते काही वेळा आतड्यात सापडते. काहींच्या आतड्यातील एगर्थेला लेंटा हे जीवाणू आपल्या विकराद्वारे या औषधाचा रेणू बदलून ते निष्प्रभ करतात. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण भारतातील खेडुतांपेक्षा शहरवासीयांत, आणि त्यांच्याहूनही न्यूयॉर्ककरांत ही क्रिया अधिक आढळली. फरक जन्माचा नसून राहणीचा असावा, असे मला वाटते. मात्र काही प्रतिजैविकांनी हे जीवाणू मरतात. मग नेहमीचीच मात्रा रक्तात वाढून विषारी ठरू शकते. म्हणून डिगॉक्सिन घेणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी ताप-खोकल्यावर दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत; वाशीमला डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी.