रात्री जॅझ, दिवसा रेकॉर्डिंग

'अलबेला' (१९५१) मधलं 'दीवाना ये परवाना' हे गाणं पुन्हा कधी पाहाल तेव्हा भगवानदादा आणि गीता बाली यांच्यावरून नजर जरा मागे न्या. झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेले वादक तिथे दिसतात. ते नट नव्हेत. तो चिक चॉकलेटचा बँड आहे, मुंबईच्या बड्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना रात्री नाचवणारा. चिक चॉकलेट हे टोपणनाव; माणूस बारदेशातल्या हळदोण्याचा, नाव आंतोनियो शावियेर वाझ. ट्रम्पेट वाजवायचा, गायचा, आणि लुई आर्मस्ट्राँगची शैली त्याने इतकी आत्मसात केली होती की हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणूनच तो ओळखला गेला. 'अलबेला'चे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. हळदोणे आणि पुणतांबे एका स्टुडिओत भेटले आणि त्यातून निघालेल्या चालींवर गिरणगावापासून गिरगावापर्यंतची पोरं नाचली. गणपतीच्या मिरवणुकीत भगवानदादांची ती पावलं आजही पडतात.

मुंबईतल्या जॅझचा शोध घेताना मला सतत जाणवत राहिलं ते हे, की या शहरात जॅझ नुसत्या जॅझवर कधीच जगला नाही. त्याचा पगार दर वेळी दुसऱ्याच कुणीतरी दिला. आधी हॉटेलांनी, मग सिनेमाने, मग जाहिरातींनी. पगार देणारा हात बदलला की लोक म्हणत, मुंबईतला जॅझ संपला. वादक मात्र पोट भरण्याची नवी वाट काढत आणि रात्री पुन्हा वाजवायला बसत.

सुरुवात हॉटेलांची. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. मायदेशी वर्णद्वेषाने अनेक दारं बंद असलेल्या या कलावंतांना इथे गोऱ्या साहेबांसमोर आणि संस्थानिकांसमोर मानाने वाजवता आलं. वेदरफोर्ड तर परत गेलाच नाही. १९४५मध्ये कोलकात्यात पटकीने वारला. त्यांचं वाजवणं कान देऊन ऐकणारे बरेचसे स्थानिक वादक गोव्याचे होते. पारशी, अँग्लो-इंडियनही होते: सॅक्सोफोनवादक रुडी कॉटन मुळात कावसजी खटाव. पण संख्या गोवेकरांची. मोम्बासात जन्मलेल्या मिकी कोरियांनी १९३९पासून जवळजवळ दोन दशकं ताजचा बँड सांभाळला.

गोवेकरच का, याचं उत्तर पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चच्या शाळांत आहे. तिथे मेश्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांकडून स्वरलेखन गिरवून घेई, हातात व्हायोलिन देई. बारा-चौदा वर्षांचा मुलगा समोरचा कागद पाहून अनोळखी तुकडा वाजवू शके. गोव्यात या कौशल्याला फेस्त, लग्न आणि मयत यापलीकडे गिऱ्हाईक नव्हतं, मुंबईत होतं. हे तरुण धोबीतलाव, माझगाव भागातल्या कुडींत उतरत. कूड म्हणजे त्या त्या गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली राहण्याची जागा. खाट नसली तरी ट्रंक ठेवण्यापुरती जागा मिळायची, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचं. धोबीतलावच्या जेर महालात अशा कितीतरी कुडी होत्या. बोटीवर चढणारे खलाशी आणि बँडमध्ये जागा शोधणारे वादक एकाच छपराखाली राहात. जवळच १८६५पासूनचं फुर्टाडोंचं वाद्यांचं दुकान.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. रात्रीच्या धंद्यावर त्याचा घाव बसला आणि बरेच वादक कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटकडे वळले. तरीही चर्चगेटच्या रस्त्यावर पन्नास-साठच्या दशकांत एकेका रेस्टॉरंटात बँड वाजत होता. मडगावचे ख्रिस पेरी याच मुंबईत नावारूपाला आले आणि लोर्ना कोर्देरो त्यांच्या बँडबरोबर गायली. दोघांनी कोंकणी गाण्यात स्विंग असा मुरवला की आज ती गाणी गोव्याच्या घराघरांतली झाली आहेत. 'नाचूंया कुंपसार' (२०१४) हा चित्रपट याच काळाच्या प्रेरणेतून आला. लोर्नाचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांनी तो ऐकावाच; त्यातली धग शब्दांत उतरत नाही.

पण खरा पैसा स्टुडिओत होता. तिथलं काम कसं चाले ते सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या सिनेसंगीताच्या इतिहासांत ते एका ओळीत उरकतात. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. सहायक ती सरगमीत उतरवून घेई. मग अरेंजर बसे. गाण्याआधीचं संगीत, दोन कडव्यांमधलं संगीत, गायिकेच्या ओळीखालून सरकत जाणारी व्हायोलिनची वेगळी धून, ब्रासने कुठे उसळायचं, कुठे गप्प बसायचं, हे सगळं तो पाश्चात्त्य स्वरलिपीत लिही. प्रत्येक वाद्याचा कागद निराळा. सकाळी वादक येत, कागद समोर ठेवत, एक-दोन तालमींत गाणं उभं राही. सगळे एकाच वेळी, एकाच टेकमध्ये. एकाचा सूर चुकला तर साऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी तेच वादक कपडे बदलून हॉटेलात हजर.

फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलांत बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईत आले आणि ओ. पी. नय्यर, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे अरेंजर झाले. त्या गाण्यांतला भव्यपणा ज्याला म्हणतो, त्यातला फार मोठा वाटा सेबॅस्टियन यांच्या लेखणीचा आहे. चालीचं श्रेय संगीतकाराचं, यात वाद नाही. पण पडद्यावर अरेंजरचं नाव आलंच तर 'सहायक' म्हणून, आणि वादकांचं बहुधा नाहीच, हा अन्याय होता आणि तो अजून पुरता भरून निघालेला नाही. माजोर्डेचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. देशाला मात्र त्यांचं नाव कळलं ते १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे.

सिनेमाच्या पगारावर पोसलेल्या या मंडळींना मनासारखं वाजवायची संधी क्वचित मिळे. ती मिळाल्यावर काय होतं, हे 'रागा जॅझ स्टाइल' या १९६८च्या शंकर-जयकिशन यांच्या तबकडीत ऐकता येतं. अकरा राग, रईस खान यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम्स, पियानोवर लुसिला पाशेको. काही तुकडे सिनेमाच्या वळणाचेच राहतात, पण जिथे सतार आणि सॅक्सोफोन एकमेकांना जागा करून देतात तिथे वादकांचा आनंद लपत नाही. ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर हीच वाट पुढे नेली.

पुढे डिस्को आलं, मग सिंथेसायझर. साठ व्हायोलिनांचं काम एक माणूस कळफलकावर करू लागला तेव्हा स्टुडिओतल्या बाकांवरची गर्दी ओसरली. हॉटेलांनाही टेपवरचं संगीत स्वस्त पडू लागलं. त्याच सुमारास कोलकात्याच्या ब्लू फॉक्स रेस्टॉरंटमधून पियानोवादक लुई बँक्स मुंबईत आले आणि जाहिरातींच्या जिंगल्सनी नवा पगार पुरवला. १९८८च्या 'मिले सूर मेरा तुम्हारा'ची चाल अशोक पत्की यांची, संगीत संयोजन लुई बँक्स यांचं. तीस सेकंदांत सूर बसवण्याची कामगिरी दिवसा करायची आणि रात्री एकाच रचनेवर पंधरा मिनिटं हवा तसा विहार करायचा, असं त्यांचं जगणं होतं.

निरंजन झवेरी यांनी १९७८मध्ये 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू केला. सनी रॉलिन्ससारखा दिग्गज मुंबईत येऊन वाजवून गेला. धोबीतलावच्या उघड्या रंगभवनात माणसं रात्र रात्र बसत, आणि स्थानिक वादकांना जगातल्या श्रेष्ठांशेजारी उभं राहायला मिळे. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा जवळ असल्याने रंगभवनात लाउडस्पीकर लागणं बंद झालं. रुग्णाच्या झोपेपुढे मैफल मोठी नाही. पण त्या जागेच्या तोडीची, सामान्य माणसाला परवडणारी दुसरी जागा शहराने उभारली नाही, याचं दुःख वाटतं.

२००७मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग उघडलं. ध्वनिव्यवस्था उत्तम, वादकांना मान, मधूनमधून जॅझही. २०१६मध्ये तेही बंद झालं. आजचं चित्र विखुरलेलं आहे: वांद्रे, लोअर परळ, फोर्ट इथल्या एखाद्या ठिकाणी आठवड्यातली एक रात्र, तीही बहुधा गर्दी नसलेल्या दिवशी. पियानो, बास, ड्रम्स आणि एखादा सॅक्सोफोन. रचना कुठली ते जागेवरच ठरतं, मूळ धून एकदा वाजते, मग प्रत्येकजण त्याच स्वरसंगतींच्या आवर्तनावर आपापलं बोलतो. बासवाल्याने ते आवर्तन डोक्यात पक्कं धरलेलं असतं. एकल वादन करणारा कितीही दूर गेला तरी परत कुठे यायचं ते त्याला बासवरून कळतं.

या वादकांचा आठवडा विचारला तर पन्नास सालचाच हिशेब निघतो, फक्त खाती बदललेली. दिवसा शिकवण्या आणि वेब मालिकांच्या पार्श्वसंगीताचं रेकॉर्डिंग. हिवाळ्यात उदयपूर-गोव्यातली लग्नं, कंपन्यांचे समारंभ, तिथे हिंदी गाणी. लग्नाच्या एका रात्रीचे पैसे जॅझच्या रात्रीच्या कितीतरी पट. म्हणून लग्नाची तारीख आली की जॅझच्या रात्री बदली वादक शोधायला फोन फिरतात, आणि बदलीवर येणारा बहुतेकदा विशी-बाविशीतला असतो. त्याला मोबाईलवर रचनांची यादी येते, सहा वाजता ध्वनिचाचणी, नऊ वाजता पहिला सेट. पन्नाशीतल्या ड्रमरसमोर न अडखळता वाजवलं तर पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा फोन येतो.