शिसवी फळीची गिटार

जुने घर पुनर्विकासासाठी रिकामे करताना घरातील मंडळींची नजर प्रथम जाते ती अवजड शिसवी पलंगाकडे. नव्या सदनिकेत तो मावत नाही, जुन्या सामानाचा व्यापारी मिळेल त्या भावात तो उचलतो, आणि ज्यांचे बालपण त्या पलंगावर गेले ते वडीलधारे गप्प राहतात. वाचकहो, असा प्रसंग आपल्या घरी आला असेल तर पलंग देण्यापूर्वी थोडे थांबावे. त्याच्या रुंद फळ्यांतून एका गिटारीची पाठ आणि कडा निघू शकतात. देशोदेशींचे कारागीर गिटारीसाठी जे ‘इंडियन रोझवूड’ मागवतात, ते म्हणजे आपले शिसवच.

वाद्य घडवणे हे पिढीजात कारागिराचे काम, जुन्या सामानातून कसला सूर निघणार, अशी शंका आपल्या मनात येईल. अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली एक गिटार बनवली. तिची पाठ आणि कडा चक्क कागदी पुठ्ठ्याच्या होत्या. पुढची फळी मात्र उत्तम स्प्रूसची. आवाज मुख्यत्वे पुढच्या फळीवर ठरतो, हे त्याला दाखवून द्यायचे होते. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. अमेरिकेतील बॉब टेलर यांनी १९९५ मध्ये माल ठेवण्याच्या टाकाऊ पॅलेटमधील ओकच्या फळ्यांची गिटार केली आणि खिळ्यांची भोके झाकण्याऐवजी त्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या टिकल्या बसवल्या.

सतार-तंबोऱ्याच्या भाषेत जिला तबली म्हणतात, तीच ही पुढची फळी. तिला हलके पण ताठ लाकूड लागते. शिसव किंवा साग तिथे जड पडतो. पाइन वा स्प्रूसच्या जुन्या खोक्यातील सरळ रेषांची, बिनगाठीची फळी शोधावी. मात्र खोके परदेशातून आलेले असेल तर त्यावरील छाप अवश्य पाहावा. रोमन लिपीत ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असे लाकूड घरात आणूच नये.

फळी निवडण्याची रीत मोठी सुखाची आहे. फळीच्या टोकापासून साधारण पाचव्या हिश्श्यावर, कडेशी, ती दोन बोटांत सैल धरावी आणि मध्यभागी बोटाच्या पेराने टिचकी मारावी. चांगली फळी घुमते. वाळवीने पोखरलेली किंवा आतून तडकलेली फळी मुकी राहते. वयानुसार कान मंदावतात ते आधी बारीक, उंच स्वरांना. टिचकीचा हा घुमारा खालच्या पट्टीतला असल्यामुळे ज्यांना दारावरची घंटा नीट ऐकू येत नाही, त्यांनाही तो बहुधा ऐकू येतो. शिवाय तो बोटांना जाणवतो. जुन्या लाकडाचा आणखी एक गुण असा की, अनेक उन्हाळे-पावसाळे सोसल्यामुळे ते नव्या लाकडाइतके चटकन फुगत-आकसत नाही.

आता आरोग्याची बाजू, आणि ती हलक्यावर घेण्याजोगी नाही. लाकडाच्या बारीक भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या गटात ठेवले आहे. त्याचा संबंध विशेषतः नाकाच्या पोकळीतील कर्करोगाशी आहे. शिसव आणि साग यांच्या भुशाने अनेकांच्या त्वचेला पुरळ येते, दम्याचा त्रास बळावतो. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते, म्हणून रंग दिलेली फळी घासूच नये. दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून पहिली फळीही कापू नये.

यावरचा उपाय कामाच्या वाटणीत आहे. करवतीच्या यंत्राचे काम सुताराच्या कारखान्यातच उरकावे: फळ्या चिरणे, त्यांची जाडी तीन-साडेतीन मिलिमीटरपर्यंत आणणे. त्याआधी फळीवरून लोहचुंबक फिरवून दडलेले खिळे काढावेत, नाहीतर सुताराचे पाते जाईल आणि त्याचा लोभही! घरी उरते ते हातरंध्याचे काम. रंध्यातून लाकडाच्या लांब ढलप्या निघतात, त्या हवेत तरंगत नाहीत. पॉलिश पेपरने घासणे मात्र शक्य तितके टाळावे. टाळता येत नसेल तेव्हा एन-९५ मुखपट्टी लावून, उघड्या गच्चीत घासावे आणि भुसा ओल्या फडक्याने टिपावा.

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना एक विनंती आहे. जे धोक्याचे, ते आपण जरूर काढून घ्यावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पटाशीचे काम आपण करावे. ओलसर कड तापल्या नळीवर दाबून वाकवतात. मधुमेहाने बोटे बधिर झालेल्या माणसाला तिथला चटका कळत नाही, म्हणून तेही आपण करावे. पण जे केवळ सावकाश चालले आहे, ते काढून घेऊ नये. ‘द्या बाबा, मी पटकन करतो’ हे वाक्य प्रेमानेच उच्चारले जाते, आणि त्यानेच वडिलांच्या हातचे काम सुटते. तबली अडीच मिलिमीटरपर्यंत पातळ करताना दर चार फेऱ्यांनी थांबून टिचकी मारावी लागते, फळी वाकवून पाहावी लागते. घाई असलेल्या माणसाचे हे काम नव्हे. खुर्चीवर बसून, कोपरापर्यंत येणाऱ्या टेबलावर, चांगल्या उजेडात वीस-पंचवीस मिनिटे काम आणि मग विश्रांती, अशा गतीने एका गिटारीला सहा-आठ महिने सहज लागतात.

पडद्यांच्या जागा काढणे हे तर हिशेबात रमणाऱ्यांचे काम. तारेची मोकळी लांबी ६५० मिलिमीटर घेतली, तर तिला १७.८१७ ने भागावे. येणारे सुमारे साडेछत्तीस मिलिमीटर हे पहिल्या पडद्याचे अंतर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागत जावे. बाराव्या पडद्याशी बरोबर ३२५ मिलिमीटर आले, म्हणजे हिशेब जुळला.

तारा नायलॉनच्याच घ्याव्यात. पोलादी तारांचा संच वाद्यावर सुमारे सत्तर किलोंचा ताण देतो, नायलॉनचा चाळीसच्या आसपास; संधिवाताच्या बोटांना आणि घरगुती जोडांना तोच मानवतो. चिकटवण्यासाठी सरस वापरला तर चुकलेला जोड ऊब देऊन पुन्हा सोडवता येतो. शिसव-सागाच्या तेलकट अंगाला सरस नीट धरत नाही, म्हणून त्या कडा जोडण्याआधी ताज्या रंधून घ्याव्यात. आणि जोडकाम पावसाळ्यात मुळीच करू नये. दमट हवेत फुगलेली फळी चिकटवली, की उन्हाळ्यात ती आकसून तडकते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस यासाठी उत्तम. पाऊसकाळात पडद्यांचा हिशेब आणि दांडी कोरणे चालू ठेवावे.

घोडी चिकटवून तारा चढवल्यावर पहिल्या दिवशी पूर्ण सुरात ओढू नयेत. नायलॉन आठवडाभर ताणत राहते, सूर उतरत राहतो. रोज सकाळी चहानंतर खुंट्या थोड्या पिळाव्यात, आणि घोडीच्या मागे तबली फुगत तर नाही ना, हे सपाट पट्टी ठेवून पाहावे.