संगणकाची रोजकीर्द

वीज गेली, संगणक बंद पडला, की वर्षभर जमविलेल्या ओव्या गेल्या असे आपण म्हणून मोकळे होतो. पण पुष्कळदा मजकूर डिस्कवर शाबूत असतो. कोणती फाइल कोठे आहे, कोणती जागा रिकामी आहे, या नोंदी निरनिराळ्या ठिकाणी असतात. लिहिताना वीज गेली, तर त्यांचा मेळ चुकतो.

युनिक्समधील 'एफएससीके' हा प्रोग्रॅम सारी डिस्क तपासून तो मेळ घालतो व बेवारस फाइली 'लॉस्ट+फाउंड' या कप्प्यात ठेवतो. मोठ्या डिस्कला याला फार वेळ लागतो. म्हणून २००१ साली लिनक्समध्ये आलेल्या 'एक्स्ट-थ्री' पद्धतीत दुकानदाराची रीत आली : आधी रोजकीर्द, मग खतावणी. पुन्हा सुरू होताना संगणक कीर्दीतील पुरी नोंद खतावणीत उतरवतो, अर्धवट सोडून देतो. मात्र कीर्दीत बहुधा नोंदीच असतात. न साठविलेली ओवी ती परत आणीत नाही.

तेव्हा बिघडलेल्या डिस्कवर काही लिहू नये. प्रथम दुसऱ्या डिस्कवर तिची हुबेहूब प्रत घ्यावी, आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करावी. कारण दुरुस्तीचा प्रोग्रॅम फक्त नोंदींचा मेळ पाहतो. ओव्यांचे मोल त्याला ठाऊक नसते.