निर्विकार मुद्रा आणि आतील ताण

आपल्या चिकित्सालयात नातेवाईक एखाद्या रुग्णास घेऊन येतात. निदान स्किझोफ्रेनियाचे, मनोविकारतज्ज्ञांची औषधे चालू असतात. घरातील कलह, सुटलेली नोकरी हे सारे नातेवाईकच सांगतात. रुग्ण मात्र निर्विकार बसून असतो. ‘याला कशाचेच काही वाटत नाही,’ हे वाक्य अशा वेळी हमखास कानी पडते. हा समज रुग्णास घातक ठरतो, म्हणून हा लेखप्रपंच.

निरोगी व्यक्तीवर ताण येताच मेंदूतील हायपोथॅलॅमस, पीयूषिका ग्रंथी व अधिवृक्क ग्रंथी या साखळीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. ते मोजण्यासाठी जर्मनीतील ट्रिअर येथील संशोधकांनी १९९३ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत परीक्षकांसमोर भाषण व तोंडी गणित करावे लागते आणि लाळेतील कॉर्टिसॉल तपासले जाते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत ही वाढ बरीच मंद असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले. दैनंदिन जीवनातील लहानसहान ताणांनी मात्र त्यांचे मन इतरांपेक्षा अधिक विचलित होते, असेही आढळले आहे. म्हणजे मनाला झळ लागते, पण शरीर त्या प्रमाणात साद देत नाही. शिवाय काही रुग्णांत एरवीचे कॉर्टिसॉल वाढलेले, तर सकाळी जाग आल्यावरची स्वाभाविक वाढ कमी असते. औषधांचाही यावर परिणाम होतो, हे ध्यानात ठेवावे.

नाडीपरीक्षण करणाऱ्या आपणांस याचे विशेष महत्त्व आहे. क्लोझॅपिनसारख्या औषधाने नाडीची गती वाढते. तेव्हा चालू औषधांची चौकशी केल्याविना केवळ नाडीवरून वा मुद्रेवरून रुग्णाचा ताण ठरवू नये. त्यास एकांतात, सौम्य शब्दांत विचारावे.

झुबिन व स्प्रिंग यांनी १९७७ साली मांडले की, व्यक्तीची अंगभूत दुर्बलता व बाह्य ताण यांच्या संयोगातून हा विकार प्रकटतो. उन्मादाच्या संप्राप्तीत चरकाचार्यांनी अल्पसत्त्व पुरुष, प्रकुपित दोष व मनोवह स्रोतसांची दुष्टी यांची सांगड घातली आहे. उन्माद म्हणजेच स्किझोफ्रेनिया असे आम्ही म्हणत नाही. परंतु सत्त्वबल पाहून ताणाचा विचार करण्याची दृष्टी आपणांस परकी नाही.

ताणाचे मोठे उगमस्थान घरच असते. १९७२ साली लंडन येथील ब्राऊन, बर्ली व विंग यांनी दाखविले की, सतत टीका, वैरभाव किंवा अतिगुंतवणूक असलेल्या घरी परतलेल्या रुग्णांत रोग अधिक प्रमाणात उलटतो. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चंडीगढच्या अभ्यासात अशी घरे लंडनपेक्षा कमी आढळली, तरी वैरभावाचा रोग उलटण्याशी संबंध तेथेही दिसला.

येथे एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. चरकसंहितेच्या उन्मादचिकित्सेत आश्वासनाबरोबर तर्जन व त्रासनही सांगितले आहे. ज्याच्या शरीराची ताण पेलण्याची यंत्रणाच बिघडली आहे, त्यास भय दाखविणे ही चिकित्सा होऊ शकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यासही मनाई केली आहे. ग्रंथातील आश्वासन घ्यावे, त्रासन सोडावे.

औषधविक्रेत्या बंधूंसही एक विनंती. सर्पगंधेचा उन्मादातील उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली प्रसिद्ध केला, हे आपले भूषण खरे. पण ती रक्तदाब उतरविते, खिन्नता आणू शकते. मनोविकाराची औषधे घेणाऱ्यास ती केवळ मागणीवरून देऊ नये. अश्वगंधेच्या प्रमाणित अर्काची दररोज १००० मिलिग्रॅम मात्रा १२ आठवडे दिलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात लक्षणे व जाणवणारा ताण कमी झाला. परंतु तेथे मूळ औषधे चालूच होती. ती बंद करण्याचा सल्ला आपण कदापि देऊ नये.

निद्रा, नियमित आहार, अभ्यंग व घरातील शांत बोलणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. पुढील खेपेस ‘याला काही वाटत नाही’ असे कोणी म्हणाल्यास नातेवाईकांस क्षणभर बाहेर बसवावे आणि रुग्णाशी बोलावे.